जनगणनेचे प्रभागनिहाय तक्ते आणि क्यूजीआयएस : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मोफत मिळणाऱ्या दोन वस्तूंच्या जोडीविषयी हा अभिप्राय आहे. पहिली वस्तू म्हणजे २०११च्या जनगणनेचे प्रभागनिहाय तक्ते, जे जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून एक्सेलच्या फायलींच्या रूपात उतरवून घेता येतात. दुसरी वस्तू म्हणजे क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर, ज्याची सुरुवात गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली आणि जे आज जगभरातील स्वयंसेवकांच्या बळावर चालते. शहराच्या कोणत्या भागात कोण राहते आणि त्यांच्या वाट्याला महानगरपालिकेच्या कोणत्या सोयी आल्या आहेत, हे एकाच कागदावर पाहता यावे, एवढ्या अपेक्षेने आम्ही ही जोडी वापरायला घेतली.

आम्ही म्हणजे चौघे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, शेजारचे काका पाटबंधारे खात्यात आरेखक होते, आणि बरोबर भूगोलाचे दोन विद्यार्थी. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही कार्यालयीन अनुभव सांगायचे आहेत आणि ते कोणत्याही मध्यम आकाराच्या महानगरपालिकेत येऊ शकतील असेच आहेत. आमचा प्रश्न एकच होता : ज्या घरांत स्वतःचे शौचालय नाही, त्या घरांच्या जवळ सार्वजनिक शौचालये पुरेशी आहेत का, आणि नवी बांधायची झाल्यास ती आधी कुठे बांधावीत? दवाखाने आणि अंगणवाड्या यांचेही नकाशे आम्ही नंतर केले, पण या जोडीची खरी परीक्षा शौचालयांच्या नकाशातच झाली, म्हणून त्याविषयीच अधिक लिहिते.

तक्त्यांपासून सुरुवात करू. प्राथमिक जनगणना गोषवारा या नावाचा जो तक्ता आहे त्यात प्रत्येक गावाची आणि शहरातील प्रत्येक प्रभागाची एक ओळ असते, आणि त्या ओळीत कुटुंबांची संख्या, स्त्री-पुरुष लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि कामगारांचे प्रकार असे आकडे येतात. दुसरा तक्ता घरयादी आणि घरगणनेचा. तो सेवांच्या दृष्टीने कितीतरी अधिक मोलाचा आहे, कारण घराचे छप्पर कशाचे, पाणी घरात येते की बाहेरून आणावे लागते, सांडपाण्याचे गटार उघडे की बंद, शौचालय घरात आहे, सार्वजनिक आहे की मुळीच नाही, स्वयंपाक कशावर होतो, हे सर्व त्यात प्रभागनिहाय दिलेले आहे. व्याख्याही विचारपूर्वक केलेल्या आहेत. उदाहरणार्थ, शहरात पाण्याचा स्रोत घराच्या आवाराबाहेर पण १०० मीटरच्या आत असेल तर तो ‘जवळ’ आणि त्यापलीकडे असेल तर ‘दूर’ समजला जातो. ग्रामीण भागात हीच मर्यादा ५०० मीटर आहे. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला १०० मीटर ‘जवळ’ वाटत असतील का, हा प्रश्न निराळा. पण निदान सगळ्या देशासाठी मोजपट्टी एक आहे.

या दुसऱ्या तक्त्याची एक अडचण वापरायला बसल्यावरच कळते. त्यातले आकडे टक्क्यांत आहेत, संख्येत नाहीत. म्हणजे एखाद्या प्रभागात किती घरे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून आहेत हे काढायचे तर टक्केवारीला कुटुंबांच्या संख्येने गुणावे लागते, आणि घरयादी २०१० मध्ये झाली तर माणसांची गणना फेब्रुवारी २०११ मध्ये, त्यामुळे दोन तक्त्यांतील कुटुंबांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. फरक फार नसतो, पण नवख्याला वाटते की आपलेच काही चुकले. आपले चुकलेले नसते, पुढे जावे.

क्यूजीआयएस उतरवून घेणे आणि संगणकावर बसवणे याला एक दुपार पुरते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते, परवाना लागत नाही, आणि माझ्या आठ वर्षे जुन्या लॅपटॉपवरही ते रडतखडत का होईना चालले. खरी डोकेदुखी पुढे आहे : जनगणनेचा तक्ता नकाशातील प्रभागांना जोडणे. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘जॉइन’ म्हणतात. तक्त्यातला प्रभाग क्रमांक आणि नकाशातला प्रभाग क्रमांक एकसारखा असला की दोन्ही आपोआप जुळतात, असे पुस्तकी उत्तर. प्रत्यक्षात जनगणनेच्या फायलीत प्रभागाचा क्रमांक चार अंकी असतो आणि त्याच्या पुढे शून्ये असतात, उदाहरणार्थ ०००७. ती फाईल सीएसव्ही या साध्या मजकुराच्या रूपात करून एक्सेलमध्ये पुन्हा उघडून जतन केली की एक्सेल पुढची शून्ये गिळून टाकते आणि उरतो नुसता ७. मग एकीकडे अक्षरांचा ०००७ आणि दुसरीकडे अंकाचा ७, आणि जोडणी होत नाही. वाईट म्हणजे सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. ते गुपचूप प्रत्येक चौकटीत ‘नल’, म्हणजे माहिती नाही, असे लिहून ठेवते. आम्हांला हव्या होत्या नळांच्या टक्केवाऱ्या, आणि पहिल्या आठवड्यात मिळाले ते शंभरावर ‘नल’. त्यानंतर मूळ फाईल एक्सेलने कधीही जतन करायची नाही, असा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला.

दुसरा घोटाळा खास आपल्या भाषेचा आहे, आणि इंग्रजीत काम करणाऱ्यांना तो कधीच कळणार नाही. नकाशांच्या जगात शेपफाइल नावाचा फाईल-प्रकार वर्षानुवर्षे चालत आलेला आहे आणि त्यात स्तंभाच्या नावाला जेमतेम दहा बाइटांची जागा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीतील प्रत्येक खूण तीन बाइट घेते. त्यामुळे ‘लोकसंख्या’ असे नाव दिलेल्या स्तंभाचे फाईल जतन करताच ‘लोक’ झाले, संख्या गेली. आणि ‘अनुसूचित जाती’ व ‘अनुसूचित जमाती’ या दोन्ही स्तंभांचे ‘अनु’ झाल्याने कोणता कोणता हे ओळखायला मूळ तक्ता पुन्हा उघडावा लागला. यावर उपाय सोपा आहे. क्यूजीआयएसच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत जिओपॅकेज हा प्रकार आपोआप पुढे येतो, तोच वापरावा. त्यात मराठी नावे सुखरूप राहतात आणि नकाशावरील मराठी अक्षरेही जोडाक्षरांसह नीट उमटतात.

आता सर्वांत मोठी उणीव. जनगणनेचे आकडे प्रभागनिहाय मिळतात, पण त्या प्रभागांच्या सीमांचे संगणकीय नकाशे त्या तक्त्यांबरोबर मिळत नाहीत. जणू घराघरांतल्या भांड्यांची यादी हाती दिली, आणि घरे कुठे आहेत ते तुमचे तुम्ही शोधा म्हणून सांगितले. डेटामीट या स्वयंसेवी गटाने काही मोठ्या शहरांच्या प्रभागसीमा खपून तयार करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. आमचे शहर मात्र त्यात नव्हते. शेवटी निवडणुकीच्या वेळचा छापील नकाशा मिळवला, तो स्कॅन केला, रेल्वेफाटक, नदीवरचा पूल, जुना बुरूज अशा ठरलेल्या खुणा ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावरच्या त्याच खुणांशी जुळवून तो जागेवर बसवला, आणि मग आमच्या आरेखककाकांनी एकेका प्रभागाची सीमा माऊसने गिरवली. पन्नास वर्षे ट्रेसिंग पेपरवर ज्यांचा हात चालला त्यांना हे काम आम्हा सर्वांपेक्षा चांगले जमले. “रेघ तीच आहे, फक्त निब बदलली,” असे ते म्हणाले. तरीही दोन महिने गेले. हा वेळ हिशेबात धरूनच या जोडीला मोफत म्हणावे.

यापुढे जे सांगते आहे त्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला. नकाशा रंगवण्यापूर्वी सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारते : कोणत्या स्तंभाला कोणत्या स्तंभाने भागायचे? बहुतेक जण इथे न थांबता लोकसंख्येने भागतात, कारण दरडोई म्हटले की न्याय झाला असे वाटते. आमचाही पहिला नकाशा तसाच होता : दर हजार लोकांमागे शौचालयाच्या सीट किती. तो नकाशा इतका समतोल दिसला की या शहरात विषमता नाहीच, असे कोणी म्हणाले असते तर आमच्याकडे उत्तर नव्हते.

चूक भाजकात होती. समजा, दोन प्रभाग आहेत, प्रत्येकी २०,००० वस्तीचे, आणि दोन्हीकडे सार्वजनिक शौचालयाच्या १०० सीट आहेत. लोकसंख्येने भागले तर दोन्हीकडे २०० माणसांमागे एक सीट, म्हणजे समसमान वाटप. पण पहिल्या प्रभागात बंगले आणि सोसायट्या आहेत आणि तिथले फक्त १० टक्के लोक सार्वजनिक शौचालय वापरतात, तर तिथे एका सीटमागे २० माणसे येतात. दुसऱ्या प्रभागात ६० टक्के लोक त्यावर अवलंबून असतील तर तिथे एका सीटमागे १२० माणसे येतात. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असे प्रमाण आहे. त्या प्रमाणाशी पडताळले तर पहिला प्रभाग त्यात बसतो आणि दुसऱ्या प्रभागात सकाळी रांगेत उभे राहून मुलीची शाळेची वेळ टळते. आकडे तेच, सीट त्याच, नुसता भाजक बदलला. घरयादीच्या तक्त्यातील ‘आवारात शौचालय नाही’ हा स्तंभ भाजक म्हणून घेतल्याबरोबर आमचा समतोल नकाशा फाटला आणि शहराच्या नदीकडच्या बाजूला, जुन्या गिरणीच्या मागे आणि कत्तलखान्याच्या रस्त्यालगत गडद पट्टा उमटला. तिथे राहणाऱ्यांना हे नकाशाविना ठाऊक होतेच.

‘सर्व प्रभागांना समान निधी’ हे वाक्य आपल्या नगरराजकारणात न्यायाचे वाक्य म्हणून वापरले जाते. भाजकाचा हा खेळ एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिला की ते वाक्य किती अर्धवट आहे ते कळते. प्रत्येक सेवेचा भाजक वेगळा आहे. अंगणवाडीचा भाजक सहा वर्षांखालील मुले, आणि तो स्तंभ गोषवाऱ्यात तयार मिळतो. दलित वस्ती सुधारणेच्या निधीचा भाजक अनुसूचित जातींची लोकसंख्या. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असे प्रमाण धरले आहे, आणि तिथे मात्र सरसकट लोकसंख्या हाच आरंभ योग्य आहे, जरी खासगी डॉक्टरकडे जाणे न परवडणाऱ्यांची संख्या घेतली तर चित्र आणखी वेगळे होईल. वृद्धांसाठी काही करायचे असेल तर ही जोडी निरुपयोगी आहे, कारण प्रभागपातळीवर सहा वर्षांपुढच्या वयोगटांचे आकडे तक्त्यांत नाहीत.

रंगांविषयी थोडक्यात. टक्केवाऱ्यांचे गट कसे पाडायचे हे सॉफ्टवेअर विचारते आणि समान अंतराचे गट, प्रत्येक गटात सारखे प्रभाग, किंवा आकड्यांतील स्वाभाविक फटी पाहून पाडलेले गट असे पर्याय देते. एकाच आकड्यावरून तीन नकाशे निघतात आणि एखादा प्रभाग एकात गडद, दुसऱ्यात फिका दिसतो. पहिल्या सभेत एका नगरसेवकांनी नकाशाकडे बोट दाखवून विचारले, “माझाच वॉर्ड लाल का?” त्यांचा प्रश्न रागाचा होता, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त होता, आणि माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एवढेच होते की सॉफ्टवेअरने सुचवलेले गट मी न तपासता ठेवले होते. त्यानंतर आम्ही गटांच्या सीमा वर सांगितलेल्या सरकारी प्रमाणावरून ठरवल्या आणि लाल रंग काढून टाकला. निळ्या रंगाच्या छटांवर कोणी भांडत नाही.

आता या जोडीचा मूलभूत दोष, जो कोणत्याही आवृत्तीत सुधारणार नाही. प्रभागाचा आकडा ही सरासरी असते आणि सरासरीच्या पोटात वस्ती नाहीशी होते. पुण्याचे उदाहरण पाहा. २००७च्या निवडणुकीत तिथे एकसदस्यीय १४४ प्रभाग होते. २०१७ मध्ये बहुसदस्यीय पद्धतीने ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. २०११च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती, म्हणजे पहिल्या रचनेत प्रभागामागे सुमारे २२ हजार माणसे आणि दुसरीत सुमारे ७६ हजार. सत्तर-ऐंशी हजारांच्या प्रभागात टेकडीलगतची दोनशे घरांची वस्ती आणि शेजारचे उंच मनोरे एकाच रंगात रंगतात, आणि तो रंग मनोऱ्यांचा असतो. जनगणनेने झोपडपट्टीची वेगळी नोंद केली आहे खरी, पण अधिसूचित किंवा मान्यताप्राप्त नसलेली वस्ती त्यात येण्यासाठी किमान ३०० लोकसंख्या किंवा साठ-सत्तर घरे एकमेकांना लागून असावी लागतात. नाल्याच्या काठावरची पंचवीस पालांची रांग तिथेही गळते.

याहून बारीक माहिती अस्तित्वात नाही असे मात्र नाही. जनगणनेचे सर्वांत लहान एकक म्हणजे प्रगणक गट, साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबांचा. प्रत्येक प्रगणक, म्हणजे बहुधा आपल्या शाळेतलेच एखादे गुरुजी किंवा बाई, आपल्या गटाचा नजरी नकाशा हाताने काढतात : मारुतीचे देऊळ, पिठाची गिरणी, वळणावरचा हातपंप, आणि घरांना क्रमांक. याच प्रगणक गटांचे ठोकळे जोडून आपल्याकडे महानगरपालिकांच्या निवडणुकीचे प्रभाग आखले जातात. म्हणजे राजकीय सीमा आखण्यासाठी हे बारीक एकक चालते. प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध होते तेव्हा नागरिकांना मात्र नव्या प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती, असे तीनच आकडे मिळतात. नळ, शौचालय, गटार यांचे आकडे जुन्या सीमांना चिकटून राहतात आणि नव्या प्रभागाच्या नगरसेवकाला आपल्या मतदारांपैकी किती जणांच्या घरी पाणी येते हे जनगणनेतून सांगता येत नाही. व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन १९४८च्या जनगणना कायद्यात आहे आणि ते असलेच पाहिजे. पण दीडशे घरांपैकी किती घरांत शौचालय नाही, या बेरजेने कोणाचे गुपित फुटते असे मला वाटत नाही.

महानगरपालिकेच्या बाजूची माहिती मिळवताना काय झाले तेही अभिप्रायाचाच भाग आहे, कारण या जोडीतील एक पारडे जनगणनेचे असले तरी दुसरे पारडे स्थानिक कार्यालयाने भरायचे असते. माहिती अधिकारात आम्ही सार्वजनिक शौचालयांची यादी मागितली. मुदत उलटल्यावर मिळाली ती हस्तलिखित रजिस्टरची छायाप्रत, ज्यात पत्त्याच्या रकान्यात ‘समाजमंदिराजवळ’, ‘पाटलांच्या वाड्यामागे’, ‘टाकीपाशी’ असे लिहिले होते. शहरात पाण्याच्या टाक्या अकरा आणि पाटलांचे वाडे मोजायला नकोच. विद्यार्थ्यांनी रविवारी रविवारी फिरून एकेका शौचालयाचे स्थान मोबाईलवर नोंदवले. यादीतील काही शौचालये पाडून तिथे वाहनतळ झाला होता, काहींना कुलूप होते, आणि यादीत नसलेली काही वस्तीतल्या मंडळाने बांधून घेतली होती. यादीवर विसंबून नकाशा केला असता तर तो दिसायला देखणा आणि पूर्ण खोटा झाला असता.

या फिरण्यातच अंतराचाही प्रश्न सुटला, किंवा खरे तर उभा राहिला. क्यूजीआयएसमध्ये एखाद्या ठिकाणाभोवती २०० मीटरचे वर्तुळ एका कळीने काढता येते आणि वर्तुळात आलेली घरे ‘सोय असलेली’ ठरतात. गिरणीमागच्या वस्तीत एक मावशी आमचा कागद पाहून हसल्या. नकाशावर त्यांच्या घरापासून शौचालय बोटभर अंतरावर होते. मधे सोसायटीची भिंत होती आणि तिच्यावर काचा लावलेल्या होत्या. “पक्षी असते तर गेले असते, ताई,” असे म्हणून त्या आम्हांला आपल्या वाटेने घेऊन गेल्या : नाल्याकडेने खाली, रस्त्याच्या पुलाखालून आणि पुन्हा वर. पुलाखाली दिवा नव्हता. रात्री आठनंतर त्या वाटेने बायका जात नाहीत, पुरुष जातात. म्हणजे एकाच शौचालयाचे अंतर स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे आहे. रस्त्यांच्या जाळ्यावरून चालण्याचे अंतर काढण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती वर्तुळांपेक्षा शंभर पटींनी बरी, पण त्यासाठी बोळ आणि पायवाटा आधी नकाशात असाव्या लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या शहरातील मोठे रस्ते होते, वस्तीतले बोळ नव्हते. ते आम्ही भरले.

अशा नकाशाने काही साधते का, असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या झेन्सव्हिल गावाचा खटला सांगते. तिथल्या कोल रन या बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीला सुमारे पन्नास वर्षे सार्वजनिक नळाचे पाणी दिले गेले नव्हते, आजूबाजूच्या गोऱ्या घरांना मात्र ते मिळत होते. कोणती घरे जलवाहिनीला जोडलेली आहेत आणि त्या घरांत कोण राहते, हे घरोघर दाखवणारा नकाशा न्यायालयात मांडला गेला. जुलै २००८ मध्ये ज्युरीने वस्तीच्या बाजूने निकाल देऊन ६७ रहिवाशांना सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. तो नकाशा प्रभागांच्या सरासरीचा नव्हता, घरांचा होता, हे इथे लक्षात घ्यावे. आणि त्याच देशात १९३०च्या दशकात घरकर्जांसाठी केलेल्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून त्यांना धोक्याच्या ठरवण्यात आले होते. एकाच प्रकारच्या कागदाने दोन्ही कामे केली. आमच्या गटात यावरून खडाजंगी झाली. अनुसूचित जातींच्या प्रमाणाचा नकाशा तयार होता आणि तो शौचालयांच्या तुटवड्याच्या नकाशाशी जवळपास जुळत होता. तो सभेत मांडावा असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. मी आणि काकांनी नको म्हटले, कारण भिंतीवर लावलेल्या नकाशाचा कोण कशासाठी फोटो काढील हे आपल्या हातात नसते. शेवटी तो नकाशा आयुक्तांना दिलेल्या निवेदनाला जोडला, भिंतीवर लावला नाही. विद्यार्थ्यांना हा मध्यममार्ग अजूनही भित्रेपणाचा वाटतो, आणि त्यांचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही.

आकडे जुने आहेत हे सांगण्याची गरज नाही, पण किती जुने ते सांगावे. २०२१ची जनगणना झालीच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. दरम्यान शहरे कुठल्या कुठे गेली. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली; ती २०११च्या पालिका-तक्त्यात नाहीत, त्यांच्यासाठी ग्रामीण तक्ते वेगळे उतरवून जोडावे लागतात. शौचालयांच्या बाबतीत तर स्वच्छ भारत अभियानाखाली घरोघर बांधकाम झाल्यामुळे २०११चा आकडा आज तसाच्या तसा वापरणे चुकीचे ठरेल. आम्ही तो फक्त कोणत्या वस्त्यांत आधी जायचे हे ठरवण्यासाठी वापरला आणि तिथे गेल्यावर घरे मोजली.

पर्यायांचा विचार करायचा तर इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ उपग्रहचित्रांसाठी पाहण्यासारखे आहे, पण तिथे आपले तक्ते जोडून हवे तसे भाजक बदलणे क्यूजीआयएसइतके सोपे नाही. पैसे आणि माणसे हाताशी असतील तर पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने १९९०च्या दशकापासून जी पद्धत वापरली आहे ती निःसंशय श्रेष्ठ आहे : वस्तीतील लोकांना बरोबर घेऊन एकेका घराचे सर्वेक्षण करायचे, ते नकाशावर चढवायचे आणि कोणत्या घराला शौचालय देता येईल हे घरनिहाय ठरवायचे. सांगली-मिरजेसारख्या शहरांतही त्यांनी असे काम केले आहे. आमची जोडी त्या पद्धतीची जागा घेऊ शकत नाही. ते काम कुठून सुरू करावे, एवढे ती दाखवते.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर क्यूजीआयएसला मी साडेचार देईन. अर्धा गुण जोडणी फसल्यावर मूग गिळून बसण्याच्या सवयीबद्दल कापते. तक्त्यांना माहितीच्या समृद्धीसाठी चार दिले असते, पण सीमांचे नकाशे सोबत नसल्याने आणि प्रगणक गटाच्या बेरजा बंद ठेवल्याने तीन. ज्यांना एक्सेलची सूत्रे लिहिता येतात आणि उन्हात फिरण्याची तयारी आहे त्यांनी ही जोडी जरूर घ्यावी. फक्त खुर्चीत बसून शहराचा न्यायनिवाडा करायचा असेल तर घेऊ नये. नव्या जनगणनेचे तक्ते येतील तेव्हा तुलना करायला आजची फाईल लागेल, म्हणून ती जिओपॅकेजमध्ये दोन ठिकाणी जतन करावी आणि त्यात भाजक कोणता घेतला हे मराठीत लिहून ठेवावे. दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही, हा स्वानुभव.

आमच्या निवेदनानंतर गिरणीमागच्या वस्तीसाठी नव्या शौचालयाची जागा पाहून गेले आहेत, बांधकाम सुरू झालेले नाही. पुलाखाली दिवा लागला आहे. त्या वाटेची रेघ आमच्या नकाशात तुटक होती, ती सलग करावी असे काकांचे म्हणणे पडले, म्हणून फाईल उघडण्यापूर्वी मावशींना विचारून आले. रात्री त्या वाटेने जाता का, असे विचारले तर म्हणाल्या, “दिवा आहे खरा, पण दहाला बंद होतो.” रेघ तुटकच ठेवली आहे.